संगणकाची शिस्त

फैजपूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा शाळेला सरकारकडून एक संगणक मिळाला. त्यात शेतीचा एक प्रोग्रॅम होता. चौघांनी मिळून पाणी आणि खत ठरवायचं, मग पडद्यावरचं पीक वाढायचं नाहीतर मरायचं.

पहिल्याच दिवशी पोरं भांडली. केळीवाल्यांचीच पोरं ती! "एवढं पानी नको देऊ रे, सारी केयी सडीन!" एकजण ओरडला. दुसऱ्याला ते पटेना. मला हेच तर हवं होतं. तेवढ्यात हेडमास्तर आले. "हा काय बाजार मांडलाय? सरकारी वस्तू आहे ती!"

त्या दिवसापासून संगणकावर मखमली कव्हर पडलं आणि खोलीची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात गेली. दसऱ्याला तेवढं कव्हरवरच हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मी डोकं आपटून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

मग तपासणीला साहेब आले. हेडमास्तरांनी आठवडाभर पोरांकडून उत्तरं घोकून घेतली होती. साहेबांनी विचारलं, "पाणी जास्त झालं तर?"

"पीक मरतं, साहेब!" सगळा वर्ग एका सुरात. त्या दिवशी भांडलेली दोन्ही पोरंही त्यातच, हाताची घडी घालून.

साहेब खूश झाले. "संगणकामुळे मुलं कशी मिळूनमिसळून शिकतात, बघा!" असं म्हणून त्यांनी कौतुकाने संगणकावर थाप मारली. हाताला कुंकू लागलं, ते त्यांनी कपाळाला लावलं.