आत्याने वाचलेला राक्षस

"अक्षर येत न्हाई, अन् हिला पुस्तक वाचायचंय!" आत्याकडे बघून चुलतभाऊ हसला.

काल फिलिपिनो मैत्रिणीने तिच्या भाषेतलं कॉमिक पाठवलं. शब्द कळेना, म्हणून मी नुसती चित्रं बघत गेले आणि लहानपणीची, दिंद्रुड गावातली ती दुपार आठवली. बाभळीखाली शेळ्या बसवून आत्या आम्हा पोरांना मराठी कॉमिक सांगत होती. शेळ्यांच्या वासाचं तिचं बोट चित्रांवरून फिरत होतं. तिच्या गोष्टीतला राक्षस भुकेला होता आणि गाव त्याला भाकरी देत होतं.

भावाने पुस्तक हिसकावून माझ्यापुढे धरलं. "तायडे, तू इंग्रजी शाळंतली. सांग, असंच लिवलंय का?"

राक्षसाच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'ठार करा याला!' आत्या माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला तिची दया आली होती. काल मात्र कळलं, राक्षसाची भूक तिला चित्रात खरंच दिसली होती.

"हो," मी भावाला म्हणाले, "असंच लिहिलंय."