शिंगांच्या रंगाचे चेंडू

नवऱ्यानं म्हातारपणी गोल्फ खेळावं, असं माझ्या पत्रिकेत कुणी लिहिलेलं नव्हतं. हे सणसवाडीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. तिथल्या परदेशी साहेबानं मायदेशी जाताना आपल्या जुन्या काठ्या यांना दिल्या आणि आमच्या घरात हे खूळ शिरलं. पुढं शिरूरच्या अलीकडं, आमच्या गावाला लागून बंगल्यांची स्कीम आली. बंगले निम्मेच झाले, पण गवताचं मैदान आणि त्यातले नऊ खड्डे मात्र झाले. तिथला मॅनेजर यांच्या ओळखीचा, म्हणून सकाळी यांना खेळायला मोकळीक. लहानपणी गोट्या गलीत ढकलायच्या, म्हातारपणी तेच काठीनं करायचं आणि वर टोपी घालायची! मी त्यावरून यांना कमी टोमणे मारले नाहीत.

मग काचबिंदूनं यांचा एक डोळा गेला. दुसराही अंधूक झाला. मुलानं मोटारसायकलची किल्ली काढून घेतली, पेपर वाचणं सुटलं, गोल्फ तेवढं उरलं. गणपतीच्या आधी एकदा काठ्या कोपऱ्यात टेकवत हे म्हणाले, "बास झालं आता. चेंडू हवेत गेला की माझ्यापुरता संपला. दसऱ्याला ह्या कुणाला तरी देऊन टाकतो."

खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. पण हा माणूस दिवसभर ओट्यावर नुसता बसून आहे, असं डोळ्यांपुढं आलं. मी लगेच लेकीला फोन लावला. तिनं पुण्याहून रंगीत चेंडूंचा डबा पाठवला, पिवळे, नारिंगी आणि हिरवे. हिरव्या गवतावर हिरवा चेंडू! ज्यानं काढला त्याच्या अकलेची कमालच म्हणायची. पहिला मारला तो गेलाच, बाकीचे मी बाहेर काढलेच नाहीत.

पिवळे-नारिंगी बरे म्हणावेत, तर मैदानाला चिकटून आप्पांचा झेंडू. आप्पा म्हणजे यांच्या शाळेतले दोस्त, फुलांची शेती करतात. सणाचे दिवस, सगळं रान फुललेलं आणि यांचा फटका नेमका तिकडंच वळायचा. झेंडूत पडलेला नारिंगी चेंडू देवालासुद्धा सापडला नसता. तोडणीच्या बायकांना मात्र सापडायचे. एका सकाळी आप्पा फुलांच्या क्रेटमधून दोन-तीन चेंडू उचलून मला दाखवत म्हणाले, "वहिनी, औंदा आमच्या झेंडूला लई वजन भरतंय. व्यापारी इचारतोय, ह्ये बियाणं कुठलं हाय?"

भादव्यातल्या पोळ्याला मी आप्पांच्या बैलांसाठी पुरणपोळी घेऊन गेले. जोडी सजून उभी होती आणि शिंगं अशी गुलाबी, की नजर हटेना.

"आप्पा, रंग काय उठून दिसतोय हो!"

"मंग! वढ्याच्या पल्याड बैल असू दे, शिंगं दिसत्यात."

"उरलाय का थोडा?"

"उरलाय की. कुणाची शिंगं रंगवायची हायेत?"

"आमच्या ह्यांची," मी म्हणाले आणि रंगाचा डबा घेऊन आले.

जुने पांढरे चेंडू राखेनं घासून धुतले. दोन-दोन हात रंग दिला आणि वाळायला इडलीपात्रात मांडले, प्रत्येक खळगीत एक. रॉकेलसारखा वास घरभर पसरला. इडल्या बंद झाल्या त्या झाल्याच. दुसऱ्या दिवशी यांना स्कूटीवर मागं बसवून मैदानावर नेलं. यांनी पहिला चेंडू मारला, मान वर केली आणि ओरडले, "दिसला! अगं, दिसला!"

मला रडूच फुटलं. कपाळाचा घाम पुसतेय असं दाखवून मी पदरानं डोळे टिपले.

मग सगळं नवरात्र आम्ही रोज गेलो. हे मारायचे, "दिसला!" म्हणायचे, मी पुढं पळत जाऊन चेंडू उचलायचे. मला तो गुलाबी ठिपका लांबून दिसायचाच. काठ्या देण्याची भाषा बंद झाली. मी तर गावभर मिरवलं, डॉक्टरला जमलं नाही ते मी बैलाच्या रंगानं केलं म्हणून.

पण शिंगांचा रंग शिंगांसाठी असतो. शिंगाला कुणी लोखंडी काठीनं बडवत नाही. रोजच्या मारानं रंगाचे पोपडे उडत होते. दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी यांच्या पायाशी चेंडू ठेवला, तर त्यावर गुलाबीचा टिपूससुद्धा उरला नव्हता, पार पांढराफटक. आता हे काय म्हणतात, म्हणून मी यांच्या तोंडाकडं बघत राहिले. यांनी फटका मारला. चेंडू उजवीकडं तळ्याच्या कडेला गेला.

"दिसला!" हे डावीकडं हात करून ओरडले. "गुलाबी कसला चमकतोय बघ!"

मी यांचा हात धरून खाली केला.

"अहो," मी विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

हे काठीची मूठ चोळत म्हणाले, "पायाशी काहीतरी हाय, एवढं कळतं. वर गेलेला पहिल्या दिवशीबी न्हाई दिसला. पर तू एवढी खपली होतीस..."

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मेल्याहून मेल्यासारखं केलंत, मला येड्यात काढता व्हय, म्हणून मी यांना असं झापलं की पलीकडं फुलं तोडणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या. बोलता बोलता मी रडत होते. रडत रडतच पिशवीतून दुसरा चेंडू काढला आणि ठेवला.

"मारा."

"कशाला? मला दिसत न्हाई."

"मला दिसतंय ना? मारा म्हणते."

यांनी मारला. मी नजर ढळू दिली नाही.

"गेला... वर गेला... लिंबाच्या शेंड्याच्या वर... आता जरा वळला..." मी नाक पुसायला थांबले.

लग्न झाल्यापासून मला 'जरा गप बस' म्हणत आलेला हा माणूस आभाळाकडं तोंड करून म्हणाला, "सांग की गं. थांबू नगंस."