नापास चंबू

माझ्या धाकट्या जावेचं नाव भर सभागृहात माइकवर घेतलं, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून वाजवल्या. मनातून नुसती जळत होते, खोटं कशाला बोलू?

आमची धाकटी म्हणजे कोण, तर प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी. मीही तेच करते, तिच्या कितीतरी आधीपासून, एकोणीस वर्षं. तिला तिथं चिकटवली कुणी? मीच. दिरांची नोकरी गेली तेव्हा तिथं संशोधन करणाऱ्या मॅडमच्या हातापाया पडून मी हिला आत घेतली. बाई कशी, तर एक चंबू धुवायला अर्धा तास. वर भांड्यांशी गप्पा. "अगं, तुझ्या मानेत काय अडकलंय गं?" असं चंबूला विचारते! कपबशी फुटली तरी हिच्या डोळ्यांत पाणी. सासूबाई म्हणायच्या, "थोरलीची जीभ चालते, धाकटीचे डोळे."

काम शिकवलं तेही मीच. आमच्याकडे भांडं स्वच्छ झालं की नाही ते पाणी ठरवतं. शेवटचं पाणी ओतलं की भांडं उजेडात धरायचं. पाण्याचा पातळ पडदा सलग खाली उतरला तर भांडं पास. कुठं थेंब उभे राहिले, तर तिथं काहीतरी चिकटलंय. भांडं नापास, पुन्हा धुवा. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. मॅडमच्या खोलीतून दर आठवड्याला एखादा चंबू असा यायचा, की दिसायला लख्ख, पण आत पाणी ठरायचंच नाही. थेंब नुसते इकडून तिकडे पळायचे. साबणानं जायचं नाही, ब्रशनं जायचं नाही. त्यावर मी माझा उपाय शोधला होता. बारीक वाळू, कढत सोड्याचं पाणी, आणि दोन तास चंबू हलवत बसायचं. दोन वर्षं मी ते चंबू असे पास केले. थोरलीच्या हातून डाग सुटत नाही, असं अख्खा मजला म्हणायचा. ही युक्ती धाकटीला दिली असती, तर तिच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला असता? तसला चंबू आला, की मी मुकाट्यानं माझ्या सिंककडे ओढून घ्यायचे.

मग माझा गुडघा धरला. आठ दिवस घरी बसले, आणि तो चंबू तिच्या वाट्याला आला. बयेनं नऊ वेळा धुतला. नऊ वेळा नापास. शेवटी रडत थेट मॅडमपुढे जाऊन उभी. "मॅडम, हे माझ्याच्यानं निघत नाही हो. पण कामावरून काढू नका."

मॅडमनी चंबूत पाणी घातलं, थेंब पळताना पाहिले, आणि मटकन खुर्चीत बसल्या म्हणे. काचेवर पाणी टिकू देणार नाही असा लेप, तोच तर त्या शोधत होत्या. प्रयोग झाला की लेपाचा पदार्थ तयार झाला का, ते त्या चंबूतल्या पाण्यात तपासायच्या आणि त्यात काही सापडायचं नाही. लेप बसलेला असायचा काचेला, आणि काच यायची आमच्याकडे धुवायला.

तीन वर्षांनी मॅडमना मोठं पारितोषिक मिळालं. भाषणात म्हणाल्या, "हा शोध माझ्या टेबलावर आणून ठेवला तो भांडी धुणाऱ्या बाईंनी." धाकटीला मंचावर बोलावून मानपत्र दिलं. दिरांनी ते टीव्हीच्या वर टांगलं, म्हणजे येता-जाता माझ्या डोळ्यांत खुपायची सोय झाली. अंगाचा तिळपापड झाला नुसता. डाग निघाला नाही, याचं मानपत्र! ज्याला काम येत नाही त्याचा सत्कार करा, आणि येतं त्याला म्हणा, बादल्या उचल. वर ही शहाणी मला म्हणते, "ताई, हे तुमचंच आहे. थेंब बघायला तुम्हीच शिकवलंत." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तरातरा मॅडमच्या खोलीत गेले. आज माझं नाव लावूनच घ्यायचं, असं ठरवून.

"मॅडम, ते थेंब आधी मी पाहिलेत. हिच्या दोन वर्षं आधी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन वर्षं? किती चंबू असतील?"

"आठवड्याला एक तरी. शंभर धरा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काढलं की! दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. वाळू आणि सोडा, एकेकाला दोन-दोन तास," मी ऐटीत सांगितलं.

मॅडम उठल्या. कपाटातून जुन्या वह्या काढून पानं उलटू लागल्या. प्रत्येक आठवड्याखाली त्यांच्या अक्षरात एकच शब्द होता: अयशस्वी. अयशस्वी. अयशस्वी. एका पानावर लिहिलं होतं, 'हे काम आता सोडून द्यावं.' ती ओळ त्यांनी बोट ठेवून मला दाखवली. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! ती वाळूची युक्ती मी धाकटीला सांगितली असती, तर तो चंबूही तिनं धुऊन टाकला असता. मी सांगितली नाही, म्हणून ती मंचावर.

रागावतील असं वाटलं. त्यांनी वही मिटली आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्यासारखं स्वच्छ धुणारं दुसरं कुणी नाही."

घरी पोचले तर धाकटी दारातच. "ताई, मॅडमकडे गेला होतात ना? काय म्हणाल्या?"

मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिचा चेहरा असा फुलला! "अहो, ऐकलंत का? मॅडमनी ताईंचं कौतुक केलं!" असं ओरडत ती आत दिरांकडे पळाली.

मेलीला खरंच आनंद झाला होता. तेच मला सोसत नाही.