हुरडा चोळता येत नाही म्हणाले तेव्हा

शाळा मला खाण्यावरून आठवतात. एका शाळेत सीताफळांच्या दिवसांत गेले होते. तिथल्या शिक्षकांनी येताना पिशवीभर सीताफळं दिली आणि बसमध्ये ती एकमेकांवर दबून पिकली. एका शाळेत संक्रांतीनंतर गेले, तेव्हा पाचवीच्या मुलींनी ओंजळीत बोरं आणून दिली होती. एकीकडे कैरीचं पन्हं होतं, एकीकडे उसाचा रस. मुलांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, हे मात्र पुष्कळदा आठवत नाही.

माझी कादंबरी आली तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. बाजाराच्या दिवशी एक शेळी हरवते आणि तीन पोरं तिचा तपास करतात, अशी ती गोष्ट आहे. पाचोडजवळच्या आमच्या गावातून कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच, त्यामुळे पुस्तक छापून आलं तरी लेखिका म्हणवून घ्यायला जीभ अडखळायची. आजही अडखळते. पण कुमारांसाठी लिहिणारी, स्वतःच जेमतेम विशीतली मुलगी, म्हणून आसपासच्या शाळा बोलवायला लागल्या. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, मग प्रश्नोत्तरं. मी शनिवारी सकाळी संभाजीनगरहून एस.टी.नं निघायचे आणि संध्याकाळी होस्टेलचं फाटक लागायच्या आत परत यायचे.

माझ्या कादंबरीतली पोरं प्रत्येकावर संशय घेतात. तो गुण मी त्यांना दिला की त्यांच्याकडून घेतला, सांगता येत नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात वैजापूरकडच्या एका शाळेत गेले, तेव्हा त्या संशयानं घोटाळा केला. त्या दिवशी दहावीतल्या एका मुलीचं शहरात शिकायला येणं माझ्या तोंडून काय निघतं यावर ठरणार होतं. मला त्याचा पत्ता नव्हता. मी माझंच शिक्षण वाचवत बसले होते.

सुरुवात वडिलांच्या फोनपासून झाली. एरवी मी कुठल्या शाळेत जाते हे ते विचारत नसत. या वेळी म्हणाले, "वैजापूरकडं? कोन्या गावाला?"

गावाचं नाव सांगितलं.

"बरं. मानसं चांगली हायेत म्हणं तिकडची. ड्रेस नको घालू, साडी नेस."

मी फोन ठेवला आणि तशीच पलंगावर बसले. दिवाळीत आत्या म्हणाली होती, "वैजापूरकडचं एक स्थळ हाय, पोरगा नोकरीला हाय." वडील तेव्हा म्हणाले होते, "पदवी होऊ दे की." पण ते अशा सुरात म्हणाले होते की आत्यानं आणखी दोनदा विचारलं असतं तर त्यांचं मन वळलं असतं.

आमच्याकडं मुलगी बघायची एक रीत आहे. थेट घरी जाऊन पोहे खाल्ले आणि मुलगी पसंत पडली नाही तर दोन्ही घरांना अवघड जातं. म्हणून आधी सहज म्हणून बघतात. देवळात, कुणाच्या हळदीला, बाजारात. माझ्या चुलत बहिणीला वेरूळला नेलं होतं, दर्शनाला म्हणून. मंदिराबाहेर दोन अनोळखी बायकांनी तिला नाव विचारलं, प्रसाद दिला आणि चप्पल घालून चालताना मागून पाहिलं. पुढच्या महिन्यात सुपारी फुटली. तिला कळलं तेव्हा तिची अकरावी अर्धी राहिली होती.

त्यामुळे त्या शाळेत पोचले तेव्हा मी कार्यक्रमाला आलेली पाहुणी नव्हते, तपासाला आलेली होते. आणि पुरावे भराभर सापडत गेले.

पहिला पुरावा म्हणजे पुढच्या रांगेत बसलेले एक म्हातारे गृहस्थ. पांढरी टोपी, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. शाळेच्या कमिटीवर आहेत, असं मला बोलावणाऱ्या मराठीच्या बाईंनी सांगितलं. त्यांनी माझ्यावरची नजर एकदाही काढली नाही. दुसरा पुरावा, कडक इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण, जो मोबाइलवर माझे फोटो काढत होता. समोरून, बाजूनं, उभी असताना, बसल्यावर. तिसरा पुरावा प्रश्नांचा.

मुलं एरवी विचारतात, शेळी शेवटी सापडते हे तुम्हाला आधीच माहीत होतं का, किंवा तुम्हाला किती दिवस लागले. इथं एकेक मूल उभं राहून चिठ्ठीवरून वाचत होतं.

"तुम्ही होस्टेलवर राहता, तर संध्याकाळी किती वाजता परत येता?"

"तुम्ही घरी किती वेळा जाता?"

"तुम्हाला स्वयंपाक करता येतो का?"

एक चिठ्ठी खाली पडली, ती मी उचलून दिली. अक्षर मोठ्या माणसाचं होतं. माझी खात्रीच झाली.

मग मी ठरवलं की नापसंत व्हायचं. मी माइकवर सांगितलं, परत यायची काही ठरलेली वेळ नाही, मला बंधनं आवडत नाहीत. घरी दिवाळीलाच जाते, तिथं मन रमत नाही. आणि स्वयंपाक? चहासुद्धा येत नाही. यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. मी महिन्यातून दोनदा गावी जाते आणि भाकरी आईपेक्षा पातळ थापते, असं आईच म्हणते. सभागृहात मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. म्हाताऱ्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

कार्यक्रम संपल्यावर बाई म्हणाल्या, "शेतावर हुरडा ठेवलाय आबांनी. चला."

आबा म्हणजे तेच म्हातारे. आता नकार देता येत नव्हता.

शेतात आगटी पेटली होती. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कोवळ्या ज्वारीची कणसं खुपसलेली, भोवती सतरंज्या. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. हिवाळ्यात मला याहून जास्त काही आवडत नाही आणि त्या दिवशी मी ते सगळं पुरावा म्हणून बघत होते. आबांची सून, पन्नाशीच्या आतली, गप्पगप्प बाई, विस्तवातलं गरम कणीस काढून माझ्यापुढं करत म्हणाली, "घ्या, चोळा. शेतकऱ्याचीच लेक ना तुम्ही?"

गरम कणीस तळहातात धरून चोळायचं, दाणे सुटले की फुंकर मारून कूस, भुसकट उडवायचं. मी हे पाच वर्षांची असल्यापासून करते. सगळे बघत होते. मी कणीस हातात घेतलं, "आई गं" म्हणून खाली टाकलं आणि म्हणाले, "मला नाही येत. सवय गेली."

आबा पहिल्यांदाच बोलले, मला नाही, सुनेला. "बघितलं? दोन वरसांत हात आसे होतात."

जरा वेळानं दोन वेण्या घातलेली एक मुलगी माझ्याजवळ सरकली. आबांची नात, त्या सुनेची मुलगी. तिनं हळूच विचारलं, "ताई, होस्टेलवर अभ्यासाला जागा असते का? का खोलीतच करायचा?"

मला वाटलं, हिला मोठ्यांनी पाठवलंय. "अभ्यास कोण करतं तिथं?" मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि परत आईशेजारी जाऊन बसली. तिचा तो चेहरा मला नंतर पुष्कळदा आठवला आहे.

परतीच्या बसमध्ये मी खुशीत होते. वडिलांना फोन केला, जरा टोचून विचारलं, "साडी कशाला नेसायला लावली?"

"आता तू लेखिका ना," ते म्हणाले. "फोटो यील पेपरात. गावात दाखवायला बरा पडतो."

आणखी काही आहे का, म्हणून मी कान देऊन ऐकत राहिले. आणखी काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी मराठीच्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "एक विचारू? तुम्ही त्या दिवशी असं का बोललात हो?"

मी गडबडले. मग खरं सांगितलं, की मला वाटलं, लग्नासाठी बघायला बोलावलंय.

बाई म्हणाल्या, "त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. तुमची उत्तरं आबांच्या कानावर पडावीत म्हणून. नात दहावीला पहिली येते माझ्याकडं. आबा म्हणतात, पोरगी औरंगाबादला गेली की बिघडती, घर विसरती. मी त्यांना म्हटलं, एक मुलगी दाखवते तुम्हाला, शेतकऱ्याचीच आहे, होस्टेलवर राहते, बघा बिघडलीय का."

"आणि आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं दाखवली. हुरडा चोळायचा विसरली ती पोरगी."

मी मेसमध्ये जेवायला गेले नाही. माझ्या चुलत बहिणीचं शिक्षण ज्या रीतीनं थांबलं, त्याच रीतीला भिऊन मी दुसऱ्या मुलीचं थांबवलं होतं, आणि तेही हसत हसत. फोन करून माफी मागता आली असती. पण फोनवर काय, कोणीही काहीही बोलू शकतं. मलाच कुणी असा फोन केला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

मग मार्चमधल्या एका शनिवारी, कुणीही न बोलावता गेले. वैजापूरपर्यंत एस.टी., पुढं काळी-पिवळी जीप. हुरडा केव्हाच संपला होता, ज्वारीची कणसं कडक झाली होती, त्यामुळे हातानं काही सिद्ध करून दाखवायची सोय नव्हती. अंगणात उन्हाळी कांद्याचा ढीग पडला होता. आबांची सून आणि आणखी तीन बायका पात कापत बसल्या होत्या, आबा बाजेवर.

त्यांनी मला ओळखलं. "बाईनं पाठवलं व्हय?"

"नाही. मीच आले. त्या दिवशी मी खोटं बोलले, ते सांगायला."

"त्या दिवशी खोटं बोललीस का आज बोलाय लागलीस?"

"त्या दिवशी, आबा."

"म्हंजे खोटं बोलता येतं."

"येतं."

"मग माझ्या नातीलाबी यील, तिथं गेल्यावर."

मी उभीच होते. मग सगळं सांगून टाकलं, आत्याचं स्थळ, वेरूळ, बहीण, साडी, चिठ्ठ्या. शेवटी म्हणाले, "आणि ते फोटो काढणारे. मला वाटलं, मुलगा तोच."

कांदा कापणाऱ्या बायकांचे विळे थांबले. सून पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "अवं, त्याला दोन लेकरं हायेत! माझा पुतन्या त्यो. शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकायचं काम हाय त्याचं!"

"त्याच्या बायकूला सांगू नका गं," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या अशा हसल्या की एकीला पदरानं डोळे पुसावे लागले, कांद्यानं की हसून कोण जाणे.

आबा हसले नाहीत. म्हणाले, "शिकायचं थांबू नये म्हणून येवढं खोटं?"

"व्हय."

"काय हाय तिथं येवढं?"

माइकवर मला अशा प्रश्नाची छान उत्तरं येतात. तिथं एकही आलं नाही. मी म्हणाले, "पहिले तीन महिने वर्गात मला काहीच कळत नव्हतं, आबा. रोज वाटायचं, परत जावं. मग एक दिवस कळायला लागलं. आता ते मधेच तुटू नये, असं वाटतं. एवढंच."

दारात नात उभी होती. मी चहा घेतला आणि निघाले. आबा फक्त म्हणाले, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ मी परतीच्या वाटेवर दहा प्रकारे लावला आणि दहाही वाईट निघाले.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी होस्टेलच्या रेक्टरबाईंनी मला खाली बोलावलं. वॉचमन तक्रार घेऊन आला होता. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारा पाच वाजल्यापासून बसलाय, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोरीकडं बघतोय, पोलिसांना फोन करू का म्हणून. "तो तुझं नाव घेतोय," रेक्टरबाई म्हणाल्या.

मी धावतच गेले. आबाच होते, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. त्यांनी कुणालाही न कळवता यायचं ठरवलं होतं. कळवून आलं की माणसं नीट वागतात, असं त्यांचं म्हणणं. सात वाजता फाटक लागलेलं त्यांनी पाहिलं होतं. एक मुलगी उशिरा आली, तिला रेक्टरबाई काय काय बोलल्या, तेही रस्त्यापलीकडून ऐकलं होतं, आणि त्यातच ते जास्त खूश दिसले.

"आनि ह्या गड्यानं मला अडीवलं," वॉचमनकडं काठी करत ते म्हणाले. "बरं केलं."

रेक्टरबाईंच्या खोलीत त्यांनी मेसचं, पाण्याचं, खिडकीच्या गजांचं विचारलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "एक वरीस. मग बघू. तू आनखी किती हायेस इथं?"

"एकच वर्ष."

"तवर तिच्यावर ध्यान ठेव. काय वावगं दिसलं तर मला फोन कर. तिला सांगू नको."

मी "हो" म्हणाले. त्या क्षणी दुसरं काही म्हणण्याची माझी हिंमत नव्हती.

ती आली ती पत्र्याची पेटी आणि उन्हाळी कांद्याची एक पिशवी घेऊन. तिची खोली माझ्या खालच्या मजल्यावर. दोन दिवस मी तिला टाळलं. मला वाटत होतं की तिनं मला माफ केलेलं नाही, आणि माफ करायला तिला काही कारणही नव्हतं. तिसऱ्या दिवशी अभ्यासिकेत ती समोर येऊन बसली, तेव्हा मला राहवलं नाही. सांगून टाकलं, की आबांनी तुझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय आणि मी हो म्हणालेय.

तिनं वहीतून मान वर केली.

"माहितय," ती म्हणाली. "मला तुमच्यावर ठेवायला सांगितलीय."