गाडी धरून आण

‘उतारावर गाडी धरून आण,’ असं आत्याने मला बजावलं होतं. मी ती इतकी धरली, इतकी धरली, की अर्ध्या वाटेवर गाडीनेच मला सोडलं.

दोष भाषेचा आहे, असं माझं आजही मत आहे. आत्याच्या बोलण्यात ‘धरून’ म्हणजे खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर रोखून. आमच्या शाळेत ‘धरणे’ या क्रियापदाचा हा अर्थ कोणी शिकवला नव्हता. मी पडलो आज्ञाधारक. डोंगरावरच्या आरोग्यधामाच्या फाटकातून निघताना ब्रेकवर जो पाय ठेवला, तो उचललाच नाही. मागे मळक्या चादरींचे, उशांच्या अभ्र्यांचे गठ्ठे गच्च भरलेले, आणि शेजारी आत्या चक्क घोरत होती. माझ्या ड्रायव्हिंगला मिळालेली एवढीच काय ती पावती. खरं तर तीही हाताच्या दुखण्यावरच्या गोळीची होती.

कारण आत्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. जन्मभर दुसऱ्यांना ‘साबणावरून जपून’ सांगणारी ही बाई स्वतःच्याच धुलाईघरात साबणावरून घसरली. म्हणून चार दिवस चाक माझ्या हाती आलं.

मधेच कसलातरी करपल्याचा वास आला. मी खिडकीची काच वर केली. लोक उघड्यावर काहीबाही जाळतात, असं म्हणत मी मनातल्या मनात समाजाला दोन शब्द सुनावले. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल चिखलात पाय जावा तसं थेट खाली.

“आत्या!”

“काय रे?” तिने एक डोळा उघडला.

“ब्रेक लागत नाहीये!”

“मग धर ना गाडी!”

“धरलीच आहे की केव्हाची!”

तिचा दुसरा डोळा उघडला. “अरे गाढवा, गिअर पाड! तिसरा टाक. आता दुसरा. सोड क्लच, रडू दे इंजिनाला!”

गाडीला गिअर चारच, तरी माझी पाचावर धारण बसली होती. इंजिन असं काही केकाटलं की मला वाटलं, आता बॉनेट फोडून बाहेरच येतंय. पण वेग तुटला. आत्याने डाव्या हाताने हँडब्रेक गाठला. बटण दाबून धरत ती तो थोडा ओढायची, थोडा सोडायची. रुसलेल्या पोराला पायरीवरून उतरवावं तसं. “ती वीटभट्टी दिसते ना, तिची वाट चढाची आहे. घाल आत.”

घातली. गाडी चढावर धापा टाकत गेली आणि थांबली. मागे घसरायच्या आत भट्टीवरच्या बाई दोन विटा घेऊन धावल्या आणि त्यांनी त्या चाकांमागे लावल्या. मी स्टिअरिंग अजून धरूनच होतो.

आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून मी मान खाली घातली. आत्या एवढंच म्हणाली, “दादाला फोन करायचा नाही.”

हा दादा म्हणजे माझे वडील. गाडी त्यांच्या नावावर, आणि ती कधी एकदा भंगारात घालतो असं त्यांना झालेलं. मागच्या वेळी रेडिएटर फुटला, तेव्हा त्यांनी शेवटचं सांगितलं होतं, “आता एकदा जरी हिने दगा दिला, तरी भंगारवाल्याला बोलावणार. मला बहीण हवी आहे, तिचा फोटो नको.” बोलणं वाकडं, पण काळजी खरी. आत्याचीही बाजू खरीच. गाडी गेली की वरच्या आरोग्यधामाचं काम गेलं, आणि ते गेलं की धुलाईघराला कुलूप.

मी बादली भरून आणली आणि धुमसणाऱ्या पुढच्या चाकावर ओतायला गेलो.

“थांब!” आत्या ओरडली. “तापल्या लोखंडावर गार पाणी? तडकेल ना ते! आजच्या दिवसाला एक पराक्रम पुरे. बस तिकडे.”

मग आम्ही बसलो, आणि बाईंनी चहा दिला. चाकं निवेपर्यंत दुसरं कामच नव्हतं, तोवर आत्याबद्दल सांगून टाकतो.

आधी ही गाडी तिचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, चालवायचे. आत्या शेजारी बसून चुका काढायची. “उशिरा वळलात. लवकर वळलात. आता वळलातच का?” असं दोन वर्षं ऐकल्यावर त्या शांत माणसाने एका सकाळी भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, वळसा घालून तिच्या दाराशी आला आणि म्हणाला, “सरक. तूच चालव बाई.” तिने चालवली. तेव्हापासून आतोबा धुलाईघरात चादरींच्या घड्या घालतात, गुणगुणतात आणि त्यांचं वजनही वाढलं आहे. आत्याला विचारलं तर ती म्हणते, “त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून मी चाक घेतलं.” आतोबांना विचारलं तर ते म्हणतात, “गुडघे नव्हे, कान.”

गाडीला तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तेलपाणी, पट्टे, बल्ब, सगळं स्वतः. लोक देवाधर्माच्या गोष्टी सांगतात, तशी ही कार्ब्युरेटरच्या सांगते. त्यामुळे आमच्या मेकॅनिकला बोलावणं तिच्या जिवावर आलं होतं. पण आलं तरी बोलावलं. या मेकॅनिकला गावभर ‘बघू’ म्हणतात. गाडी दुरुस्त होईल का? बघू. कधी मिळेल? बघू. त्याच्या लग्नातही त्याने होकार म्हणून ‘बघू’च म्हटलं असावं, असा माझा कयास आहे.

बघू स्कूटरवरून उतरला तोवर चाकं निवली होती. आत्याने डौलात सांगितलं, “ब्रेकच्या तेलाला जोर देणारा मास्टर सिलेंडर गेला असणार. पेडल पार तळाला गेलं.”

“बघू.” त्याने आत बसून पेडल दाबलं. ते वरच लागलं! थोडं मऊ, पण लागलं. मी तर चाटच पडलो. त्याने पाय तसाच दाबून ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. “मास्टर गेला असता तर पाय हळूहळू खाली बसत गेला असता. हा बसत नाही.” मग तो चाकांच्या आतल्या बाजूने हात फिरवत गेला. कुठेच ओल नव्हती. ब्रेकच्या तेलाची डबीही काठोकाठ. म्हणजे गळतीही नाही. एका चाकाचा तेल काढायचा निप्पल सैल करून त्याने तेल बाटलीत घेतलं. रंग उकळून उकळून उरलेल्या चहासारखा.

“हे बदललं कधी होतं, आत्याबाई?”

“बदलायचं कशाला? कमी झालं की मी घालतेच की वरून.”

“म्हणजे कधीच नाही.”

“चांगलं स्वच्छ ठेवते मी डबीचं झाकण!”

“झाकण ठेवता हो. पण हे तेल हवेतलं पाणी ओढतं. पोराने ब्रेक सतत दाबून ठेवला, चाकं तापली, तेलातलं पाणी उकळलं, त्याची झाली वाफ. वाफ दाबली की दबते. चाकापर्यंत जोर पोचतच नाही. निवल्यावर तिचं परत पाणी झालं आणि पेडल आलं जागेवर.”

आत्याने डबीचं झाकण पदराने पुसायला घेतलं. खरं सांगायचं तर मी मनातून सुखावलो होतो. गुन्हा निम्मा वाटला गेला होता.

तेवढ्यात बाबा आले. फोन केला नव्हता, पण आमच्या रस्त्याला तोंड आहे. कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, दोघांचे हातपाय मोजले. आणि मग आवाज चढवला.

“झालं ना समाधान? संपली ना गाडी? सांग रे बघू, संपली म्हणून सांग हिला!”

आत्याने पदर मुठीत धरला होता. बघू हात पुसत उभा राहिला. आता हा ‘बघू’ म्हणाला की सगळं संपलं, हे मला कळत होतं.

“गाडी ठणठणीत आहे,” बघू म्हणाला. “पोराचा पाय जड आहे आणि आत्याबाईंचं तेल म्हातारं आहे. दोन्ही बदलता येतात.”

तिथेच काम सुरू झालं. करपून काचेसारखे गुळगुळीत झालेले पुढच्या ब्रेकचे पॅड त्याने बदलले, मागचे लायनर उघडून तपासले. मग मी आत बसून पेडल पंप करायचं, “धर!” म्हटलं की धरायचं, आणि त्याने निप्पल उघडून हवा काढायची. या ‘धर’चा अर्थ मी दोनदा विचारून घेतला. काळं तेल गेलं, बुडबुडे संपले, शेवटी नितळ तेल आलं. पेडल दगडासारखं घट्ट.

“मी नेऊन बघतो,” बाबा म्हणाले, आणि कोणाला बोलू न देता एकटेच वर गेले. गाडी वळणाआड दिसेनाशी झाली. आत्या चपलेने मातीत रेघा ओढत राहिली. बऱ्याच वेळाने वरून इंजिनाचा तो केकाटता आवाज आला, दुसऱ्या गिअरचा, आणि आत्या हसली. वरच्या वळणांवर गाडी पाठमोरी झाली की ब्रेकचे लाल दिवे लागताना, विझताना दिसत होते. बाबा चढावर आले आणि आमच्यापुढे अलगद थांबले.

“लागतोय,” ते म्हणाले, जणू तक्रारच आहे.

आत्याचा जीव भांड्यात पडला. “दादा, धरून आणलीस की!”

“मग? तुला ‘धरून’ कोणी शिकवलं?”

“तू? तू शेजारी बसून डोळे मिटायचास!”

“प्रार्थना करत होतो,” बाबा म्हणाले. “आणि तेल वर्षाच्या वर्षाला बदलायचं. नाहीतर भंगारवाला आहेच.”

“बरं बरं.” आत्या एवढ्या मुकाट्याने कबूल झाली, की बाबांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आता तिचं प्लास्टर निघालं आहे. चाक पुन्हा तिच्याकडे, आणि शेजारी बसून चुका काढायची जागा माझ्याकडे आली आहे. फक्त एक राहिलं. त्या दिवशी निघण्याच्या आनंदात भट्टीवरच्या बाईंच्या दोन विटा आम्ही गाडीत टाकून आणल्या. चढावर गाडी उभी करताना त्या इतक्या सोयीच्या पडतात की आत्याचा जीव त्यांच्यात अडकला आहे. वर जाताना मी म्हणतो, “आत्या, विटा देऊन टाकू.” ती म्हणते, “भरली गाडी चढावर थांबवू नये. येताना देऊ.” येताना म्हणते, “आत्ता कुठे गाडी छान धरली आहे. उद्या जाताना देऊ.”

भट्टीवरच्या बाई आम्ही दिसलो की दोन बोटं वर करतात. आत्या हॉर्न वाजवते.