बरसातीचं ओलं वजन

नवी छत्री दाखवा, वहाण दाखवा, घोंगडी दाखवा, काका ती आधी तळहातावर तोलत, डोळे बारीक करत आणि विचारत, "आणि गीली झाल्यावर?" या प्रश्नाने दुकानदार हैराण होत. घड्याळाच्या टॉवरजवळच्या एका कापडवाल्याने शेवटी पाण्याचा तांब्याच जवळ ठेवला होता. काका आले की तो स्वतःच माल भिजवून दाखवी. पुतणीच्या लग्नात शालू हातात आला तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघालं, आणि काकू चार दिवस बोलल्या नाहीत.

पण हा प्रश्न विचारायचा हक्क उज्जैनात कुणाला असेल तर तो त्यांनाच होता. ग्वाल्हेर दरबारच्या काळापासून ते आमच्या कचेरीत पाऊस तपासायचं काम करत; मी तिथे कारकून, आणि आम्ही सगळेच त्यांना काका म्हणत असू. पंधरा गावांत पाऊस मोजायची भांडी होती. गावचा पटेल नाहीतर मास्तर रोज आकडा लिही, आणि भांडी सरळ उभी आहेत का, आकडे खरे आहेत का, हे काका पायी हिंडून बघत. त्या आकड्यांवरून कुठल्या गावाचा शेतसारा माफ करायचा ते ठरे. एका फेरीला अकरा दिवस लागत. तुम्ही माळव्यातली काळी माती पावसात तुडवली असेल तर वेगळं सांगायला नको. सायकल चार पावलांत अडकते, बैलगाडी दहा पावलांत. माणसाचा प्रत्येक पाय शेरभर चिखल घेऊन वर येतो. अशा वेळी तो गावात पोचणार की नाल्याकाठी बसून राहणार, हे अंगावर काय आहे त्यावर ठरतं.

काकांनी सगळं करून पाहिलं होतं. घोंगडी भिजली की मेंढी पाठीवर घेतल्यासारखी होते. छत्री माळावरच्या वाऱ्यात उलटते. बारदानाची खोळ खांदे सोलते. शेवटी त्यांनी जुन्या धोतराला अळशीचं तेल आणि मेण पाजून स्वतःची खोळ केली. पहिल्या वेळी तेल जास्त झालं, आणि माळ्यावर वाळत घातलेलं धोतर स्वतःलाच असं चिकटलं की उलगडताना फाटलं. काकू म्हणाल्या, "इथे भाजीला तेल पुरेना, आणि यांचं धोतर पिऊन बसलंय." तिसरी खोळ जमली. गुडघ्यापर्यंत लांब, बाजूंनी मोकळी, घडी केली की पोथीएवढी. भिजवून तोलली तरी शेराच्या आत.

"पाणी बाहेरून येतं तसं घामाचं आतूनही येतं, भैया," ते मला सांगत. "हवेला रस्ता पाहिजे."

मग मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली आणि सगळं एकसारखं करायची लाट आली. आमच्याकडे नवे साहेब आले. त्यांनी फिरतीच्या लोकांसाठी बरसात्या मागवल्या. रबर लावलेला जाड कॅनव्हास, घोट्यापर्यंत लांबी, गळ्यापर्यंत बटणं. निवड कशी झाली माहीत आहे? एक बरसाती कचेरीतल्या खुंटीवर टांगली, वरून तीन बादल्या पाणी ओतलं आणि साहेबांनी आत हात घातला. हात कोरडा. पसंत. बाहेर वैशाखाचं ऊन होतं. चार शहाणे माना डोलवत होते, त्यांत मीही होतो. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काकांनी ती ओली बरसाती दोन्ही हातांनी उतरवून तोलली. "साहब, खूँटी पैदल नहीं चलती," ते शांतपणे म्हणाले. "आप इसे पहनकर मेरे साथ नानाखेड़ा तक चलिए. बस एक बार."

साहेब हसले. "मुझे कहाँ जाना है? पहनना तो आपको है."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. ज्याला घालायची नाही त्याने निवडायची, आणि ज्याला चालायचं आहे त्याने तोंड मिटून बसायचं. याला म्हणे कारभार.

काकांनी एक फेरी ती घालून केली. अकरा दिवसांच्या जागी सतरा लागले. परतले ते काखेत फोड आणि सुजलेला गुडघा घेऊन, आणि आतला सदरा घामाने चिंब झालेला. पुढच्या फेरीला त्यांनी पुन्हा आपली खोळच अंगावर घेतली. कुणीतरी चुगली केली. खुलाशाची नोटीस निघाली, आणि अक्षर चांगलं म्हणून ती मीच लिहिली. काकांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, की पाऊस तपासायला गावात पोचावं लागतं. साहेबांनी त्याला उद्धटपणा ठरवलं, काकांची फिरती बंद केली आणि त्यांना टपालाच्या टेबलावर बसवलं. पेन्शनला दोन वर्षं राहिलेला तो माणूस खिडकीतून पाऊस बघत पाकिटं चिकटवू लागला.

त्यांच्या जागी नेमलेले दोघं बरसाती घालून पहिल्या नाल्यापर्यंत जात आणि परत फिरत. आकडे मात्र अगदी वेळेवर येत. भाद्रपदात तक्ता तयार झाला तेव्हा काका माझ्या टेबलाशी आले आणि आकड्यांवरून बोट फिरवत खाली गेले. नदीकाठ असो की माळ, पंधराच्या पंधरा गावांत सारखाच पाऊस पडला होता.

"यातल्या तीन गावांची पिकं सडलीत. पटेल बाजाराला आले होते, रडत होते," काका म्हणाले. "या तक्त्यावर त्यांना माफी नाही मिळणार. तू एकदा बोल ना साहेबांशी."

"काका, माझी बदली होईल."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ते रजेवर गेले ते पुन्हा कचेरीत आलेच नाहीत.

साहेबांना मी अजून शिव्या देतो. तक्ता भोपाळला गेला, त्या तिन्ही गावांकडून पुरता सारा वसूल झाला. तक्त्याच्या तळाशी ‘जाँच की, सही पाया’, म्हणजे तपासलं, बरोबर आढळलं, असा शेरा आहे. त्याखालची सही माझी आहे.