निळी हाडं

बी.एस्सी. होऊन मी गावी परतलो तेव्हा माझ्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा रसायनांच्या बाटल्या जास्त होत्या. नोकरी नव्हती. आगबोटीतून उतरलो त्या दिवसापासून गावात मी 'बाटल्या घेऊन आलेला' झालो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. माझा थोरला भाऊ, दादा, वडिलांमागे नारळ-सुपारीची वाडी बघत होता. पदवीने सुपारी सोलता येते का, असं तो रोज जेवताना विचारायचा.

त्या उन्हाळ्यात त्याने वाडीच्या खोलगट कोपऱ्यात विहीर खणायला घेतली. पलीकडे काकीची वाडी. काका वारल्यावर मधल्या दगडी गडग्याच्या हद्दीवरून दादाचं आणि तिचं बिनसलं, ते दोन वर्षं बोलणं बंद. नव्या विहिरीमुळे आपली विहीर आटेल, असं ती चारचौघांत बोलूनही दाखवत होती.

पुरुषभर खणल्यावर काळा चिखल लागला आणि त्यात माशांची हाडं. गड्यांनी तो उपसून काठावर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर हाडं निळी. आमच्याकडे निळं म्हणजे मोरचूद. सुपारीच्या घोसांवर फवारायला मोरचुदाची पुडी घरोघर असतेच. दादाने जागच्या जागी निकाल लावला. काकीने रात्रीतून मोरचूद ओतला, विहीर विषारी झाली, ती बुजवायची आणि संध्याकाळी पंचांपुढे काकीला उभं करायचं.

काकी एकटी बाई. असा डाग लागला असता तर गावात कुणी तिच्या हातचं पाणी प्यायलं नसतं. आमचं अर्धं बालपण तिच्या ओटीवर गेलं होतं. दादाचा मला भयंकर राग आला. मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि बाटल्या बाहेर काढल्या.

पहिली घाई मलाच नडली. कॉलेजातलं खनिजांचं पुस्तक उघडताच मी जाहीर केलं की हा पिरोजा असावा. वहिनीने हाडावरून सुटलेला निळा खडा उचलून नखाने खरवडला, नख सहज रुतलं, आणि तिच्या मनातली अंगठी तिथेच मोडीत निघाली. इतकं मऊ रत्न नसतं, हे पदवीधराला कळायला हवं होतं.

मग रीतीने सुरुवात केली. मोरचूद पाण्यात विरघळतो. ही निळी पूड तळाशी बसून राहिली. मोरचुदाच्या पाण्यात कोयती बुडवली की पात्यावर तांबं चढतं; इथे पातं होतं तसंच. काचेच्या नळीत खडा तापवला तर नळीच्या तोंडाशी थेंब जमले, म्हणजे पाणी खड्याच्या पोटातच होतं. आम्लात विरघळवून दुसऱ्या बाटलीतलं औषध घातलं तेव्हा पिवळा साका बसला, म्हणजे फॉस्फेट. तिसऱ्या बाटलीने लोखंड दाखवलं. लोखंड, फॉस्फेट, पाणी, नखाने खरवडणारं आणि जुन्या हाडांत सापडणारं, एवढ्या खुणांवर पुस्तकात एकच नाव उरलं: व्हिव्हियनाइट. लोखंडाचे तीन वाटे, फॉस्फेटचे दोन आणि पाण्याचे आठ. त्याची भावंडंही दिली होती, कोबाल्टचं गुलाबी आणि निकेलचं हिरवं. क्वचितच सापडणारं खनिज आणि ते आमच्या वाडीत. मी अंगणात अक्षरशः उडी मारली. खाली आणखी एक ओळ होती: ताजं असताना रंगहीन, उजेडात आणि हवेत निळं होतं.

दादाला ते पटेना. पुस्तकात काय वाटेल ते छापतात, म्हणाला. तेव्हा मी पंचांना आणि काकीला दुपारीच खड्ड्यापाशी बोलावलं. गड्यांनी तळातून ताजा चिखल काढला, मी सगळ्यांसमोर एक हाड मोडलं. आत बारीक पांढरे कण होते. ते हाड सुपात घालून उन्हात ठेवलं आणि आम्ही बसून राहिलो. वहिनीने दोनदा चहा केला. एका पंचाला डुलकी लागली. काकी दादाकडे पाठ करून बसली होती. तासाभराने पांढऱ्यावर निळसर झाक आली आणि बघता बघता गडद झाली. सुपाला कुणी हात लावला नव्हता. पंच हसायला लागले, आणि मला तर गावभर धावत सुटावंसं वाटत होतं.

पण इतकी मासळी इथे खाली आली कुठून, असं एका पंचाने विचारलं. तेव्हा काकी वळली.

"हितं तळी व्हती. एका साली मासळी एवढी आली, कोळी फुकट देत व्हते. ह्याच्या बापानं नि माझ्या माणसानं मिळून ती खताला हितं पुरली, वर डोंगराची तांबडी माती लोटली. पाट्या मीच वाहिल्या. तवा वाडी एकच व्हती."

तांबड्या मातीतलं लोखंड, हाडांतलं फॉस्फेट, शिवाय कायमची ओल. सगळं जुळत होतं. मी ते समजावून सांगायला तोंड उघडलं, पण दादा उठून काकीपुढे जाऊन उभा राहिला होता.

"काकी, चुकलो."

"न्हाऊ घातलंय मी तुला," ती म्हणाली. "तुझ्या पाण्यात इख घालीन, असं वाटलंच कसं रं तुला?"

दादा उभ्या उभ्या रडायला लागला, आणि काकीने पदराने त्याचं तोंड पुसलं.